जोंधळेबाईंची चिठ्ठी

लातूरच्या आमच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर कुणालाच भ्यायचे नाहीत. ट्रस्टच्या साहेबांनाही नाही. पण रेकॉर्डमधून जोंधळेबाईंची चिठ्ठी आली, की हातातला चहा खाली ठेवायचे.

मी तिथे बायकांच्या वॉर्डात मावशी होते. लादी पुसायची, शौचाचं भांडं द्यायचं, पेशंटचे कपडे बदलायचे आणि फायली रेकॉर्डच्या खोलीत नेऊन टाकायच्या. फायली नेण्याचं काम कुणाला नको असायचं, कारण ती खोली एक्स-रेच्या मागे, पार टोकाला होती. मला आवडायचं. तिथे पंखा होता आणि बाई फुकट बोलायच्या नाहीत.

त्यांचं काम असं. माणूस बरा होऊन घरी निघाला, की त्याची फाइल बाईंकडे जायची. डॉक्टरांनी जे निदान लिहिलं असेल, त्याला ठरलेला आकडा असतो. आधी एक इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. तापाचा वेगळा, साप चावल्याचा वेगळा. तो शोधायचा आणि कागदावर टाकायचा. विम्याला, सरकारला, कोर्टाला पुढे तोच जातो.

"माणूस घरी जातो, गयाबाई," त्या मला म्हणायच्या. "आकडा जात न्हाई. तो इथंच बसून राहतो."

टेबलावर दोन जाड पुस्तकं असायची, खाकी कव्हर घातलेली. वर शाळेच्या वहीला लावतात तशी लेबलं. एकावर ‘तीन’, दुसऱ्यावर ‘एक’. आधी तिसरं उघडायचं. त्यात आजारांची नावं ओळीनं आणि पुढे आकडे. आकडा सापडला की पहिल्या पुस्तकात जाऊन त्या आकड्याखाली काय काय लिहिलंय, ते पूर्ण वाचायचं. मी विचारलं, सापडल्यावर परत कशाला शोधता? म्हणाल्या, "तिसऱ्यातलं म्हणजे कुणीतरी सांगितलेला पत्ता. पहिल्यात जाऊन दार वाजवायचं आणि आत तोच माणूस राहतो का ते बघायचं." पुढे कॉम्प्युटर आला. दोन अक्षरं दाबली की आकडा समोर. बाईंनी तो शिकून घेतला, चांगला चालवायच्या, पण पहिलं पुस्तक काही हललं नाही.

मूळच्या त्या मुखेडकडच्या. वडील रोजंदारीवर जायचे. गावातल्या बौद्ध वस्तीत बारावी झालेली पहिली मुलगी ही. पुढे रेकॉर्डचा कोर्स केला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. दिसायला बारक्या, चष्मा जाड, साडी नेहमी पिनअप केलेली. रोज बारा वाजता डबा उघडायच्या. भाकरी, भाजी, एक कांदा. कांदा टेबलावर बुक्कीनं फोडायच्या. मोठे डॉक्टर खोलीत असले तरी.

चिठ्ठीचं सांगते. फाइलमध्ये काही कमी असलं की बाई बोटाएवढ्या कागदावर प्रश्न लिहायच्या आणि फाइलला टाचणी मारून डॉक्टरांकडे परत पाठवायच्या. घेऊन जायची मी. शब्द गोड असायचे, ‘कृपया’ असायचं, पण उत्तर आल्याशिवाय फाइल पुढे सरकायची नाही आणि सुट्टीचा कागद टाइप व्हायचा नाही. पेशंटचे नातेवाईक मग डॉक्टरांच्या डोक्यावर बसायचे.

एवढं कशाला करता, असं मी एकदा म्हणाले. तेव्हा त्यांनी स्वतःची चूक सांगितली. नोकरीला लागल्या लागल्या एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आला होता. बरळत होता, झोकांड्या खात होता. डॉक्टरांनी लिहिलं, नशा. कशाची, ते लिहिलं नाही. बाईंनी मनानंच दारूचा आकडा टाकला. तीन महिन्यांनी त्याची बायको आली, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाली, "माझ्या मालकानं जन्मात दारू शिवली न्हाई. शेतात चुकून धोतऱ्याचं बी पोटात गेलं. तुमचा कागद बघून ट्रॅक्टरच्या धन्यानं त्यांना कामावरून काढलं की हो." बाईंनी कागद डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेतला आणि रजा टाकून स्वतः त्या ट्रॅक्टरमालकाच्या दारात जाऊन बसल्या. ड्रायव्हर परत कामावर लागेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे. त्या दिवसापासून नशा हा शब्द दिसला की तीन प्रश्न. कशाची? दिली कुणी? कशासाठी?

म्हणजे बाई दयाळू होत्या असं कुणाला वाटेल. नव्हत्या. ट्रस्टमधल्या एका बड्या माणसाचा पुतण्या एकदा आमच्याकडे भरती झाला. पार्टीत कसली तरी पांढरी पूड घेतली होती. छाती धडधडत होती, डोळे वटारलेले. डॉक्टरांनी इमानानं लिहिलं. ऑफिसमधून बाईंना फोन आला, तापाचा आकडा टाका. बाई म्हणाल्या, "मी लिहीत न्हाई साहेब, मी लिहिलेलं वाचते. त्यात ताप न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांची बदली चादरींच्या स्टोअरला.

तिथे त्यांनी काय करावं? चादर धोब्याला देण्याआधी डाग कशाचा ते लिहायला लावलं. रक्ताचा, औषधाचा, गंजाचा. धोबी रडकुंडीला आला. "मावशी, ही बाई मला डॉक्टर करून सोडती का काय," म्हणाला. इकडे रेकॉर्डला साहेबांनी आपला माणूस बसवला. तपासणीवाले आले तेव्हा निघालं, की सहा महिन्यांत आमच्या दवाखान्यात दोन पुरुष बाळंत झाले. बाईंना परत बोलावलं. त्या आल्या, पुस्तकांवरची धूळ झटकली आणि त्या दोन बाळंत पुरुषांपासून कामाला लागल्या.

आता ज्योतीचं.

चाकूरजवळच्या खेड्यातली पोरगी. वडील नाहीत. आई दोन एकर करते आणि मामा बघतो. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. नांदेड जिल्ह्यात फॉर्म भरला होता. थंडीचे दिवस. पहाटे रस्त्यावर पळायची. एक दिवस पळता पळता पडली आणि तिच्या मैत्रिणीनं आणि मामानं तिला आमच्याकडे आणलं. मीच कपडे बदलले. अंग थरथरत होतं, घामानं भिजलेली, नाडी मोजता येईना. तोंडानं एकच चालू, "मी काही घेतलं न्हाई, मावशी, आईची शपथ, काही घेतलं न्हाई."

तपासायला धाकटे डॉक्टर होते. त्यांनी मैत्रिणीला विचारलं. ती घाबरून म्हणाली, "ग्राउंडवर काही पोरं-पोरी गोळ्या घेतात सर, पळायला जोर येतो म्हणून. हिचं मला म्हाईत न्हाई." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, उत्तेजक पदार्थाचं व्यसन. पोरगी खोटं बोलतीय असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. सगळेच तसं म्हणतात.

औषध चालू झालं, पोरगी शांत झाली, तिसऱ्या दिवशी सुट्टी ठरली. फाइल बाईंकडे गेली. तासाभरात मामा तिथे हजर. मी दुसऱ्या फायली ठेवायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"बाई, ऊन लागलं एवढं टाका. पोरगी भरतीत हाय. व्यसन लिवलं तर मेडिकलला बाद करतेत. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई राहणार."

"ऊन लागलं असं डॉक्टरांनी लिहिलंय का?"

"न्हाई. पण तुमच्या हातात हाय की."

"माझ्या हातात पेन हाय, दादा. आजार न्हाई."

मामा पाया पडायला वाकला. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. तो गेल्यावर मी तिथेच बाईंशी भांडले. म्हटलं, पोरीचा बाप नाही, एक शब्द बदलला असता तर तुमचं काय गेलं असतं? बाई म्हणाल्या, "ह्या थंडीत ऊन कुठून लागलं, असं उद्या कुणी विचारलं तर पोरगी काय सांगेल? खोटा कागद दिला तर तिला जन्मभर त्याची राखण करावी लागेल." आणि मग त्यांनी ती फाइल माझ्यासमोर धरली. "पण हे जे लिहिलंय तेही पुरतं न्हाई. व्यसन म्हणतात. कशाचं? किती दिवसांचं? रिपोर्ट फक्त छातीचा हाय, रक्ताचा न्हाईच. पुस्तकात ह्या एका थरथरीला दोन घरं हायत. माणूस आपणहून नशा करतो त्याचं एक. आणि कळत नसताना, चुकून पोटात जातं त्याचं दुसरं. हिला कुठल्या घरात ठेवू?"

चिठ्ठी लिहिली. पदार्थ कोणता? किती? कुणी दिला? कशासाठी? फाइलमध्ये नाही. कृपया लिहावे.

चिठ्ठी घेऊन मी वॉर्डात आले, तर ज्योतीची आई नळावर पेला घासत होती. घासून झालेला पेला परत घासत होती. मी म्हटलं, पोरगी घरी निघाली, आता कशाला तोंड पाडून बसलीस? तिनं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "मावशी, मीच घातलं ओ."

"काय घातलं?"

"ताकदीची पावडर. तिच्या मामानं लातूरहून डबा आणला होता, जिममधल्या पोरानं दिला म्हणून. ती नको म्हणाली. तसलं घेत न्हाई म्हणाली. मला वाटलं, पोरगी वाळून चालली, उपाशीपोटी पळती. अंगणवाडीचं पीठ तीन पळ्या घालतो आपण, तसंच त्या पहाटे तीन पळ्या दुधात घातलं. कडू लागतंय म्हणाली, तर मी गूळ वाढवला."

त्या डब्यात आपला एक इवलासा चमचा असतो, पावडरीत बुडालेला. तो हिला दिसलाच नव्हता. भात वाढायची पळी घेतली होती तिनं.

"डॉक्टरांना कामून सांगितलं न्हाईस?"

"पोलीस मला नेतील की. आईनंच पोरीला इख दिलं म्हणतील."

मी पेला तिच्या हातातून घेतला आणि तशीच रेकॉर्डला गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं बाई खूश होतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेलं मला चालत न्हाई, गयाबाई."

"मग चिठ्ठीत लिहा, आईनं दिलं म्हणून!"

"उत्तर मीच लिहून दिलं, तर डॉक्टर खाली सही करतील आणि मोकळे होतील. ते उत्तर माझं झालं. मी कोण? तिला म्हणावं, डॉक्टरांना सांग. काय सांग, हे म्हणू नका."

त्या वेळी मला त्या बाईचा फार राग आला. पण गेले. ज्योतीच्या आईला धरून कॉटजवळ उभं केलं. डॉक्टर आले, चिठ्ठी वाचली, कपाळाला आठ्या. आईनं पदर तोंडात धरला. मी तिच्या कानात म्हटलं, "तुरुंगात गेलीस तर भाकरी मी आणून देईन. आता तोंड उघड."

तिनं सांगितलं. पळीसकट सगळं.

कॉटवर ज्योती उठून बसली. आईकडे बघितलं नाही तिनं. डॉक्टरांकडे बघितलं. "तीन दिवस सांगून राहिले सर, मी काही घेतलं न्हाई. तुम्ही कुणीच ऐकलं न्हाई."

डॉक्टर तरुण होते, कान लाल झाले त्यांचे. मामाला डबा आणायला पाठवलं. संध्याकाळी डबा आला. डॉक्टरांनी त्यावरचं सगळं वाचलं. कॉफीत असतं ते द्रव्य होतं, एका चमच्यात चार-पाच कप कॉफीचं, आणि पोटात तीन पळ्या. कुणी पोलीस आले नाहीत. डॉक्टरांनी आईला एवढंच विचारलं, की घरात दुसरं लहान लेकरू आहे का, आणि डबा कुठे ठेवता.

मग ते फाइल घेऊन स्वतः रेकॉर्डला गेले. पहिलं पान काढून नवीन लावायचं म्हणाले. बाई म्हणाल्या, "पान काढायचं न्हाई. खोडायचं न्हाई. खाली तारीख-वेळ टाकून नवीन लिहा, आणि कशावरून ते लिहा."

"म्हणजे माझी चूक कायमची दिसू द्यायची?"

"हो सर."

"बाई, तुमचं काय वाकडं केलंय मी?"

"काही न्हाई. बसा, पेन हाय का?"

ते बसले आणि लिहिलं. बाईंनी दोन्ही पुस्तकं उघडली, आधी तीन, मग एक. नशेच्या घरातून पोरगी बाहेर काढली आणि चुकून पोटात गेलं, घरीच गेलं, त्या घरात ठेवली. एवढं करून बाईंनी ज्योतीला एकदाही पाहिलं नाही. वॉर्डात त्या कधी यायच्याच नाहीत. तोंड बघितलं की हात हलतो, म्हणायच्या.

काही महिने गेले. ज्योती मैदानी चाचणीत निघाली, लेखी पेपरात निघाली, यादीत नाव लागलं. मग एक माणूस रेकॉर्डला आला. म्हणाला, मी ज्योतीचा भाऊ, तिची फाइल पाहिजे. बाई म्हणाल्या, "तिची सही आणा." तो परत आला नाही. पण नांदेडहून पत्र आलं. यादीत ज्योतीच्या खाली, वेटिंगवर असलेल्या कुणीतरी तक्रार दिली होती, की ही मुलगी नशेची गोळी खाऊन पळते, लातूरला भरती होती. मेडिकल अडकलं. मूळ कागद घेऊन संबंधित कर्मचाऱ्यानं हजर राहावं.

बाईंचे गुडघे तेव्हा दुखायचे. साहेबांनी सोबत मला पाठवलं. एसटीत मी बोलून बोलून दमले, बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. फाइल कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर.

नांदेडला बाहेरच्या बाकड्यावर ज्योती आणि तिची आई बसल्या होत्या. आईनं मला ओळखलं. ज्योतीच्या ओठाला रंग नव्हता. बाई त्यांच्यासमोरून चालत आत गेल्या. मी बाकड्यावर आईशेजारी टेकले. दार उघडंच होतं, आतलं सगळं दिसत-ऐकू येत होतं.

आत एक वयस्क डॉक्टरसाहेब होते. त्यांनी फाइल चाळली आणि पेन ठेवलं.

"इथं आधी व्यसन लिहिलंय. मग खाली वेगळंच. भरतीच्या मुलीचं. कुणी दबाव आणला, बाई?"

ते पान काढू दिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, हे मला दिसत होतं. ज्योतीच्या आईनं माझा हात धरला, इतका जोरात की बांगडी रुतली.

बाई म्हणाल्या, "दबाव होता साहेब. तिचा मामा आला होता. ऊन लागलं असं टाका म्हणाला. ऊन कुठं लिहिलंय का, बघा."

साहेबांनी खरंच पान उलटलं.

"आधीचं खोडलं असतं तर तुम्हाला दिसलं नसतं. दिसावं म्हणूनच ठेवलंय. ही माझी चिठ्ठी. हिच्यात फक्त प्रश्न हाय, वेळ बघा. हे आईचं सांगणं, डॉक्टरांच्या हातचं, ही वेळ. हे डब्यावरचं उतरवून घेतलेलं, ही वेळ. आणि ही सिस्टरची पहिल्या दिवसाची नोंद. पेशंट म्हणते, काही घेतले नाही. आईच्या आधी दोन दिवस. पोरीनं पहिल्यापासून एकच सांगितलंय. तिच्यावर विश्वास ठेवायला आम्हाला दोन दिवस उशीर झाला. तेबी कागदावर हाय."

साहेबांनी एकेक वेळ बोट ठेवून ताडून बघितली. मग म्हणाले, "मुलगी ओळखीची आहे?"

"न्हाई. मी तिला बघितलेली न्हाई."

"बाहेरच बसलीय."

"असंल."

साहेबांनी तक्रारीच्या अर्जावर दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. ज्योतीला आत बोलावलं. "तक्रारीत तथ्य नाही. बाकीची तपासणी पूर्ण करून घे, जा." बाईंनी पोच मागितली, फाइलची पानं मोजली, पिशवीत घातली आणि बाहेर आल्या.

ज्योती मागोमाग धावत आली आणि वाकली. बाई मागे सरल्या.

"तू कोण?"

"मी ज्योती, मॅडम. माझीच फाइल."

बाईंनी तिला पहिल्यांदा नीट बघितलं, चष्मा वर करून. "मी तुझ्यासाठी काही केलं न्हाई, माय. तू गोळी खाल्ली असतीस तर तेबी असंच लिहिलं असतं आणि इथं येऊन असंच वाचून दाखवलं असतं."

"म्हाईत हाय, मॅडम," पोरगी म्हणाली. "म्हणूनच पाया पडून राहिले."

ती परत वाकली. ह्या खेपेला बाईंनी पाय मागे घेतले नाहीत, एवढं मी पाहिलं. ज्योतीच्या आईनं डबा पुढे केला, जेवून जा म्हणून. बाई म्हणाल्या, "पळी कुठली वापरलीस?" आणि आई रडायची ती हसली. मग चौघींनी तिथेच झाडाखाली भाकरी खाल्ली. कांदा बाईंनी बाकड्यावर फोडला. आजूबाजूची भरतीची पोरं बघत राहिली.

कागद लिहिणारी बाई म्हणून पुष्कळ जण त्यांना हसायचे. आमच्या दवाखान्यात मोठमोठ्या मशिनी आल्या, शिकलेली माणसं आली, त्यांचे फोटो पेपरात आले. मला विचाराल तर त्या इमारतीत छाती पुढे काढून चालावं असं एकच माणूस होतं, आणि ते गुडघे धरून चालायचं.

परतीची गाडी चाकूरवरून जाते. माझं घर चाकूरलाच, म्हणून मी तिथे उतरणार होते. उतरताना म्हटलं, बाई, पिशवी वर फळीवर ठेवते, मांडी अवघडली असेल. नको म्हणाल्या. माझं कंत्राट त्याच दिवशी संपत होतं, नवीन होईल असं वाटलं होतं, पण मला परत बोलावलं नाही. पुढे बाईही निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. म्हणजे ती शेवटची भेट, पण तेव्हा ते दोघींनाही माहीत नव्हतं.

गाडी सुटली तेव्हा मी खाली उभी होते. गाडी अर्धी रिकामी झाली होती. माझी जागाही रिकामी, त्यांच्या शेजारीच. बाईंनी पिशवी तिथे ठेवली नाही. ताठ बसून, डोळे मिटून, दोन्ही हात तिच्यावर ठेवून त्या लातूरकडे गेल्या.